नकाशात न लिहिलेली गोष्ट

पच्चैमलै डोंगरावरच्या आदिवासी वाडीत इंटरनेट पोहोचवायचं काम माझं होतं. शाळेला आणि दवाखान्याला वेगवान जोडणी हवी होती. तिथे फोनची तारही नव्हती, म्हणून पायथ्याच्या मनोऱ्यावरून ती वायरलेसनेच न्यावी लागणार होती. मनोरा थेट दिसेल अशी जागा शोधायला मी तंजावूरहून पाच वेळा वर गेलो. सापडला एकच खडक. नकाशा मी काढला. काम देणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरने तो ठेवून घेतला आणि काम स्वतःच्या मेहुण्याला दिलं. मला म्हणाला, "राजवाड्याच्या गल्लीत केबलवर घरोघरी सिनेमे दाखवता ना, अण्णा? तेच करा."

इंटरनेटच्या नव्या परवान्यांचे दिवस होते, सगळ्यांनाच घाई. मी भांडलो, टेबलावर हात आपटला आणि निघून आलो. एक गोष्ट मी नकाशात लिहिली नव्हती, आणि आता सांगितलीही नाही. तो खडक वाडीचा देव होता. त्यावर पायताण घालून कुणी चढत नाही, आणि लोखंड न्यायचं तर आधी वाडीच्या म्हाताऱ्याला विचारावं लागतं.

मेहुण्याने बुटांसकट चढून ड्रिल लावलं. कुणी भांडलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्याचं सामान उचलायला माणूस मिळेना, मागितलं तर पाणी मिळेना. अँटेनाचा खांब शाळेच्या अंगणात पडून राहिला. ते कळताच मी तिरुवैयारूचा अशोका हलवा आणून आमच्या गल्लीत वाटला.

दोन महिन्यांनी इंजिनियर माझ्या दारात आला. मी त्याला बस म्हटलं नाही. दोन अटी घातल्या: काम माझ्या नावावर करायचं, आणि मेहुण्याने पायथ्यापासून अनवाणी चढून म्हाताऱ्याची माफी मागायची. माफीची अट वाडीने घातली नव्हती, ती माझीच होती. त्याने दोन्ही मानल्या.

म्हाताऱ्याने मेहुण्याचं ऐकून घेतलं, त्याला पाणी दिलं. मग माझ्याकडे वळला. "याला माहीत नव्हतं. तुला तर मीच सांगितलं होतं. तू याला का नाही सांगितलंस?"

"तात्ता, मला विचारलं कुणी?"

"मग आम्हीही नाही विचारत तुला."

शाळेमागचा फणस तोडला की तिथूनही मनोरा दिसतो, असं त्याने मेहुण्याला सांगितलं. फणस त्याचाच होता. जोडणी सुरू झाली, मेहुण्याच्या नावावर. शाळा माझ्यामुळे खोळंबली, असं वाडीत अजून म्हणतात. म्हणोत. त्या दिवशी उतरताना मेहुण्याच्या तळव्यांना फोड आले होते, दर दगडाला तो थांबत होता. ते बघायला मी मुद्दाम त्याच्या मागून चाललो.