बापूभटांची कोशिंबीर

दवाखान्यात कंपाउंडर म्हणून बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, रिकाम्या बाटल्यांसारखे आपोआप साचतात. सन तीसच्या आसपास मी महाडात आमच्या डॉक्टरांकडे लागलो. आता सांगताना हसू येतं, तेव्हा मात्र हसायची सोय नव्हती.

*

एका पावसाळ्यात पोलादपूरकडे पटकी, म्हणजे कॉलरा, सुरू झाली. डॉक्टर कापडे गावाला गेले आणि घरोघर सांगून आले, पाणी उकळून प्या. तिसऱ्या दिवशी एका घरात लेकापाठोपाठ नातूही आडवा! डॉक्टर भडकले. घरातली म्हातारी शांतपणे म्हणाली, "उकळलं की. पन ऊन पानी कोन पिनार? मंग वहाळाचं गार पानी घातलं त्यात."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. नातू वाचला, नशीब तिचं.

*

जंतू डोळ्यांनी दिसले तर लोकांना पटेल, म्हणून डॉक्टरांनी मुंबईहून जुना मायक्रोस्कोप आणला. पहिले पाहायला आले नाते गावचे मास्तर. एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "दिसला. केसाळ आहे."

स्वतःच्या पापण्या पाहत होते! हे मास्तर लक्षात ठेवा, पुढे माझे व्याही झाले.

*

मग महाडात मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला. त्याला तेव्हा औषध नव्हतं, दिवस मोजत बसायचं. तीन घरांत रोगी; तिघांच्या विहिरी वेगळ्या, गवळी वेगळे. सारखं एवढंच, की तिन्ही घरी दोन-तीन आठवड्यांपूर्वी कार्य झालं होतं.

"तिन्ही पंगतींना मी होतो," मी म्हटलं.

डॉक्टरांनी मला खालीवर पाहिलं. मग तू धडधाकट कसा, पानात काय टाकलं होतंस, असं विचारलं. कोशिंबीर, दही मला सोसत नाही, मी सांगितलं.

"कालवली कोणी?"

कोणी म्हणजे? बापूभटांनी! त्यांच्यासारखा आचारी पंचक्रोशीत नव्हता. सोवळं नेसले की कोणाला शिवायचे नाहीत. बाकी सगळं चुलीवर शिजायचं, कोशिंबीर तेवढी ते शेवटी हाताने कालवत. डावाने चव जाते म्हणत. डॉक्टरांचं म्हणणं, बापूभटांना कधीकाळी हा ताप येऊन गेला असेल, जंतू पोटात राहून गेले असतील आणि हातावाटे कोशिंबिरीत जात असतील. मला पटेना. महाडातला सगळ्यात स्वच्छ माणूस तो!

तिसऱ्या घरची नवी सून तापाच्या सतराव्या दिवशी गेली. तिच्याच लग्नात बापूभटांनी कोशिंबीर कालवली होती. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

*

डॉक्टरांनी बापूभटांकडे तपासणीला शौचाचा नमुना मागितला. महाडात असलं काही आजवर कोणी कोणाकडे मागितलं नव्हतं. बापूभट लालबुंद झाले. मी सोवळ्यातला माणूस, माझ्या पोटात कसली घाण, म्हणाले. डॉक्टरांनी फक्त त्या सुनेचं नाव घेतलं. बापूभट निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बाटली आली. केळीच्या पानात गुंडाळून, वर दोरा बांधून, अगदी नैवेद्यासारखी! दासगावच्या बंदरावरून ती लाँचने मुंबईला गेली. काही दिवसांनी रिपोर्ट आला. जंतू होते.

*

रिपोर्ट आला तेव्हा माझ्या लेकीचं, यमूचं लग्न आठ दिवसांवर होतं. मुलाचे वडील नाते गावचे मास्तर, त्यांची एकच अट, स्वयंपाक बापूभटांचा. दुसरा आचारी सांगावा, तर सोयरीक बिघडायची आणि बापूभटांना दुसरा धंदा येत नव्हता. न सांगावा, तर त्या सुनेचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. डॉक्टर म्हणाले, त्यांनी अन्नाला हात लावला नाही तर भीती नाही. ते बापूभटांना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी कसंबसं सांगितलं. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आठ दिवस माझा जीव टांगणीला.

लग्नादिवशी ते आले. चुलीपासून चार हात लांब पाट टाकून बसले, दोन्ही हात काखेत घट्ट धरून. मीठ किती, जाळ केवढा, सगळं तोंडाने सांगत होते आणि बायका करत होत्या. शेवटी काकडी चोचवून झाली, दही आलं. त्यांचा उजवा हात काखेतून सुटला. मी दारातून पाहत होतो. त्यांनी हाताकडे पाहिलं, पुन्हा काखेत घातला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, तुम्ही कालवा. डावाने."

पंगत बसली. मास्तरांनी कोशिंबीर तोंडात घातली, कपाळाला आठ्या घातल्या आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "बापूभट, आज तुमच्या हाताची चव नाही."

बापूभट मांडवाच्या टोकाला उभे होते. हात अजून काखेतच.

"नाही ना?" ते म्हणाले. "मग पोटभर जेवा."