साडूंची टाच

दिवेआगरपासून म्हसळ्यापर्यंत असं एकही छप्पर नसेल, ज्यावर माझे साडू कधी ना कधी चढलेले नाहीत. देवळाचं, मशिदीचं, शाळेचं, ओळखीच्यांचं, आणि ज्यांची ओळख वर चढल्यावरच झाली अशांचंही. इतर पाहुणे दारातून आत येतात. आमचे साडू अंगणात थांबतात, मान वर करून घराचा माथा न्याहाळतात आणि "कौल सरकलंय" म्हणत चपला काढतात. वय एकसष्ट, रोह्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून सगळी नोकरी झालेली. माझ्या बायकोची थोरली बहीण ही त्यांची बायको. ती चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा मस्कतला. तेव्हापासून दिवेआगरच्या घरात साडू एकटे, आणि दर रविवारी हत्यारांची पिशवी घेऊन पहिल्या एसटीने म्हसळ्याला आमच्याकडे.

बिघडलेली वस्तू दुरुस्त करणं कोणालाही जमतं. साडू चालू वस्तू दुरुस्त करायचे. आमचं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं. आम्ही सगळे त्या चार मिनिटांच्या हिशोबाने वर्षानुवर्षं जगत होतो. एका रविवारी त्यांनी ते बरोबर केलं आणि मी सलग दोन दिवस शाळेत उशिरा पोचलो. माझ्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे मांडवाच्या बांबूवर चढून सुटलेली दोरी आवळत होते. अक्षता त्यांनी वरूनच टाकल्या. वादळात गावची छपरं उडाली त्या वर्षी तर महिनाभर हा माणूस जमिनीवर फक्त जेवायला आला. आणि शिडीच्या शेवटच्या तीन पायऱ्या त्यांनी कधी वापरल्या नाहीत, तिथून सरळ उडी. "पायऱ्या मोजत उतरायला मी काय म्हातारा हाय?" असं वर आम्हालाच विचारायचे. खरं सांगायचं तर मला त्यांचा कंटाळा यायचा. आठवडाभर भूगोल शिकवून दमलेल्या माणसाला रविवारी शिडी धरून उभं राहायचं नसतं.

त्या रविवारी त्यांना आमच्या स्लॅबवरच्या टाकीतला फ्लोट बसवायचा होता. "उद्या प्लंबर येतोय," मी म्हणालो. "येईल तेव्हा येईल," असं म्हणून ते चढले. काम झालं, ते उतरायला लागले, आणि माझ्या खिशातला फोन वाजला. मुख्याध्यापकांचा होता. मी शिडी सोडली. दोन वाक्यंही बोललो नसेन, तोवर शिडी फरशीवरून घसरली आणि साडू दहा फुटांवरून खाली आले, सरळ उजव्या टाचेवर.

"मास्तर, उभाच पडलो," ते हसून म्हणाले. मग खाली बसले आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

म्हसळ्यात एक्स-रे निघाला, टाचेच्या हाडाचे तुकडे झाले होते. तिथून पनवेल. वाटेत, माणगावच्या वाहनांच्या रांगेत, मी तीनदा म्हणालो की शिडी मी सोडायला नको होती. पनवेलचे हाडांचे डॉक्टर तरुण आणि शांत. त्यांनी आधी पाठीचा फोटो काढायला लावला. टाचेवर पडणाऱ्याचा मणकाही दबतो म्हणे. मणका शाबूत होता. मग त्यांनी विचारलं, "पडलात कसे?"

"शिडी मी..." मी सुरुवात केली.

"उडी मारली," साडू मध्येच म्हणाले. "सवय हाय मला. ह्यांना विचारा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला अजून लाज वाटते.

डॉक्टरांनी सीटी स्कॅन दाखवत समजावलं. टाचेच्या बाहेरच्या बाजूला मोठा काप घेऊन हाड उघडतात, पण तिथली कातडी पातळ; साडूंना मधुमेह, त्यात बिडी. जखम भरेलच असं नाही. त्यांचं हाड ज्या तऱ्हेने तुटलं होतं, त्याला दुसरा मार्ग चालण्यासारखा होता. कातडीला छोटी छोटी छिद्रं पाडायची, आतून सळईने तुकडे उचलून जागेवर आणायचे, पडद्यावर एक्स-रे बघत बघत स्क्रू बसवायचे. मात्र हे लवकर करायला हवं; फार दिवस गेले तर तुकडे हलत नाहीत.

साडू पहिल्यांदाच ताजेतवाने झाले. "म्हणजे इंजिन न उघडता काम."

"तसंच म्हणा."

"स्क्रू कुठला? पूर्ण आट्यांचा की अर्ध्या?"

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दिलं. तो कागद साडूंनी घडी करून खिशात ठेवला. बिड्यांचं बंडलही त्यांनी त्याच क्षणी माझ्या हातात दिलं. साखर आटोक्यात यायला आणि सूज थोडी उतरायला चार दिवस गेले. पाय उशांवर उंच, आणि खाली खुर्चीत मी, उत्तरपत्रिका तपासत.

ऑपरेशनला कमरेत इंजेक्शन दिल्यामुळे साडू जागे होते. नंतर डॉक्टरांनीच सांगितलं, की सगळा वेळ ते पडद्याआडून सूचना देत होते. "आता बास, जास्त आवळलात तर आटे जातील," असं त्यांनी शेवटच्या स्क्रूच्या वेळी बजावलं. "आणि खरंच तिथेच थांबायचं होतं," डॉक्टर म्हणाले. पायावर चार-पाच बारीक टाके. मी बघायला घाबरत होतो, साडूंनी मला बोलावून दाखवले.

मग आठ आठवडे आमच्याकडे. पाय जमिनीला टेकवायचा नाही. संडासापर्यंत वॉकर, आंघोळीला प्लास्टिकची खुर्ची, उठवायला मी. सकाळी शाळेआधी, दुपारी शाळेनंतर. माझी कंबर दुखायला लागली. बायको म्हणायची, "भावोजी, जरा पडून राहा," आणि भावोजी मिक्सर उघडून बसलेले. एका संध्याकाळी मी वैतागून म्हणालो, "एक दिवस नुसते बसा ना." ते बसले. मिक्सर तसाच उघडा ठेवून तासभर भिंतीकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "मास्तर, हात चालू असले ना, की घरात कोण न्हाय ते कळत न्हाय." मी त्यांना स्क्रूड्रायव्हर परत आणून दिला.

हाड जुळलं. डॉक्टर समाधानी होते, पण टाच आता डावी-उजवीकडे पूर्वीसारखी वळणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सपाट रस्त्यावर ठीक, नारळ-पोफळीच्या वाडीतल्या खाचखळग्यांतून आणि वाळूत दुखेल. शिडी बंद. साडूंनी वाद घातला नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

एका रविवारी आम्ही दोघं त्यांना दिवेआगरला पोचवायला गेलो. बायकोने घर झाडून घेतलं, भाजी-आमटी करून ठेवली. साडू काठी टेकत फाटकापर्यंत आले. पायाखाली नारळाच्या मुळ्या होत्या, प्रत्येक पाऊल बघून टाकत होते. मी गाडी सुरू केली तेव्हा खिडकीशी वाकून म्हणाले, "आज राहता का?"

या माणसाने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आणि मी फार दमलो होतो. "उद्या शाळा आहे," मी म्हणालो.

"व्हय, बरोबर," ते म्हणाले. "निघा, उजेड हाय तवर."

फाटक दिसेनासं होईपर्यंत बायको मागे वळून बघत होती. मी गाडी वळवली नाही.

त्यानंतर आम्ही पुष्कळदा जाऊन राहिलो, अगदी सुट्टी काढूनही. साडू आनंदाने पोफळी दाखवतात, मासे आणवतात, अंथरुणं घालायला सांगतात. पण राहता का, असं त्यांनी मला परत कधी विचारलं नाही.