गोळी आणि पेलाभर दूध

दूध कट्ट्यावर रोज दोन गोष्टी साठतात, शेण आणि किस्से. शेणाला गिऱ्हाईक हाय. किस्से मलाच खपवावे लागतात.

शिवाजी पेठेत माझ्या दारातच कट्टा. म्हशी उभ्या, धार थेट गिऱ्हाइकाच्या पेल्यात. सून रेखा. तिला दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळंला तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. मग काय, कट्ट्यावर जो तो डॉक्टर!

बापू पैलवान मिशीचा फेस पुसत म्हणाला, "काका, नजर लागलीया. लिंबू उतरून टाका."

"तुझी म्हैस दुसऱ्यांदा गाभडली तवा डॉक्टर आणलास. आणि माझ्या सुनंला लिंबू व्हय रं?"

दुसऱ्या दिवशी राजारामपुरीत डॉक्टरीणबाईंकडं गेलो.

*

बाईंनी रक्त तपासलं. "गळ्यात थायरॉईडची ग्रंथी असते प्रत्येकाच्या. हिची कमी काम करते, म्हणून रक्तातला हा आकडा चढलाय. पोट पडायला हेही कारण असू शकतं."

म्हटलं, "पोरगी पहाटंपासनं राबती, आणि तिचं थायरॉईड बसून खातंय व्हय!"

रेखा हसली. लई दिवसांनी.

*

गोळी सुरू झाली. सकाळी, उपाशीपोटी. पुढच्या तपासणीला आकडा जागचा हललेला न्हाय.

"उपाशीपोटीच घेतेस ना गं?" बाईंनी विचारलं.

रेखाच्या आधी तिची सासू, आमची म्हातारी, ताठ मानेनं म्हणाली, "व्हय की! एक घास खाऊ देत न्हाय. नुसतं पेलाभर धारोष्ण दूध, त्याच्याबरोबर गोळी."

"दुधाबरोबर?"

"मग! दूध म्हंजे काय खाणं हाय?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आजी, दुधानं गोळी अंगी लागत नाही. नुसतं पाणी द्या. दूध दुपारी."

रिक्षात म्हातारी म्हणाली, "ह्ये कट्ट्यावर सांगू नका. धंदा बसंल."

*

आकडा उतरला. रेखाला परत दिवस गेले. तिसरा महिना लागला तसं घरात कुणी मोठ्यानं शिंकंना.

एका सकाळी रेखा गोळी घेऊन उंबऱ्यात बसलेली. समोर बापू, पेला तोंडाला लावणार, तेवढ्यात म्हातारीनं तो काढून घेतला.

"दुपारी ये."

"काकू, गोळी तिनं घेतलीया, मी न्हाय!"

"तिला सकाळचं दूध जीव की प्राण. तिनं मन मारायचं, आणि तू तिच्यासमोर मिशीला फेस लावायचा व्हय?"

एवढा पैलवान गडी, पण त्या दिवसापासनं म्हशीच्या आड उभा राहून प्यायला लागला.

आता पाचवा लागलाय. काल एक नवं पावणं भरला पेला घेऊन दारासमोर उभं राहिलं. म्हशीच्या पलीकडनं बापूची आरोळी आली,

"ओ पावणं, हिकडं या, हिकडं! पोरीची गोळी झालीया!"