ताईच्या मेलची किल्ली

मी नागपुरातल्या एका कॉलेजात संगणक शिकवते. शिकवणाऱ्यांना एक खोड लागते. फळ्यावर सांगतो ते जगासाठी, आपल्या घराला ते लागू नाही, असं वाटायला लागतं. मला तर ती पुरेपूर लागली होती.

माझी थोरली बहीण काटोलला दिलेली. संत्र्याच्या व्यापाऱ्यांचं मोठं घर, तिचा फोन दहा हातांतून फिरायचा. मनातलं लिहायला तिला जागाच नव्हती. म्हणून ती शिकवायची त्या शाळेच्या लॅपटॉपवर मी मेलला कुलूप बसवून दिलं. तिला समजावलं ते असं, की मी तुला उघडं कुलूप पाठवलंय, तू चिठ्ठी पेटीत टाकून ते दाबायचंस, किल्ली फक्त माझ्याकडे. एकदा दाबलं की स्वतःचं लिहिलेलं तिलाही परत वाचता यायचं नाही. तिला तेच फार आवडलं. नऊ वर्षं ती लिहीत राहिली. एका मेलमध्ये तिनं लिहिलं, की मुलगी झाली तेव्हा ती तिला नको होती, दोन वर्षं तिच्यावर जीवच लागला नाही. खाली एक ओळ होती, "मी मेली का हे सारं मिटवून टाकजो वं. पोरीले कधी दिसू नको देऊ." मी तिला तसा शब्द दिला.

गेल्या वर्षी ताई कॅन्सरनं गेली. तेरवीला तिच्या साड्या वाटून झाल्या. नागपूरला घरी परतल्यावर मी तिचे सगळे मेल पुसले आणि किल्लीची फाइलही पुसली. रडत होते, पण शब्द पाळल्याचं समाधानही होतं. मोठी शहाणी मी.

यंदा अभ्यासक्रमात क्वांटम कॉम्प्युटर आला. आपला संगणक शून्य किंवा एक धरून चालतो. याचा सगळ्यात लहान घटक, क्यूबिट, मोजेपर्यंत दोन्हींचं मिश्रण असतो, आणि गणित नीट मांडलं तर चुकीची उत्तरं एकमेकांना खोडतात आणि बरोबर तेवढं उरतं. सगळ्याच कामांना तो उपयोगी नाही. पण ताईचं कुलूप उभं होतं दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारावर, आणि तो गुणाकार फोडणं हे नेमकं त्याचं काम. किल्ली पुसलेली असली तरी तो ती नव्यानं काढेल. तेवढं मोठं यंत्र अजून कोणी बनवलेलं नाही, आणि नवी कुलपंही निघाली आहेत. मग मी नेहमीच्या तोऱ्यात पोरांना सांगितलं, की खरी भीती जुन्या पत्रांची आहे. कोणी आज बंद मेलच्या नकला साठवत असेल, तर यंत्र आल्यावर त्या उघडता येतील.

वाक्य संपलं आणि मला ताईचे मेल आठवले. मी पुसली ती माझी प्रत. वाटेत कोणी उचललेली, कुठल्या कंपनीच्या साठ्यात पडलेली, ती कशी पुसणार? ताईला मी दिलेला शब्द मुळात मला देता येण्यासारखाच नव्हता. तास अर्धा टाकून मी घरी आले.

पंधरा दिवस मी ते मनातच ठेवलं. शेवटी ठरवलं, उद्या कुण्या परक्याकडून कळण्यापेक्षा भाचीला मीच सांगावं. ती इथेच नागपुरात, सदर भागात, एका ऑफिसात नोकरी करते. जेवणाच्या सुट्टीत मी तिला खाली बोलावलं आणि आईनं तिच्याबद्दल काय लिहिलं होतं ते आडपडदा न ठेवता सांगितलं.

"मले मालूम आहे, मावशी," ती म्हणाली. "आईनंच सांगितलं दवाखान्यात. मंग आम्ही दोघी लय रडलो."

मग तिनं विचारलं, ते मेल कुठं आहेत. पुसले, असं मी म्हटलं. ती चिडली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. नऊ वर्षांत तिच्या आईनं काय काय लिहिलं होतं. शाळेतल्या गमती, भांडणं, हिच्या तान्हेपणीच्या पहिल्या तापाची आठवण. मला आठवत होतं ते मी सांगू लागले, पण ते माझ्या शब्दांत येत होतं. ताईचं एकही वाक्य मला जसंच्या तसं सांगता येईना.

मग ठरवून आले होते तसं यंत्राचंही सांगितलं, तिला सावध करायला. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"ते मशीन आलं," ती म्हणाली, "अन् कोणाजवळ आईचे मेल निघाले, तर ते लोक आपल्याले वाचाले देतील का?"