राजपुत्राने दार का वाजवलं नाही?

किल्लीवालीला माणसं चेहऱ्यावरून लक्षात राहत नसत, किल्ल्यांवरून राहत. रस्त्यात समोरून आलेल्या बाईला ती ओळखही दाखवायची नाही, पण त्याच बाईने दुकानात येऊन जुडगा फळीवर टाकला, की हिला सगळं आठवे: ही लाकडी फाटकवाली, दोन कपाटं, एक पेटी, आणि एक किल्ली कशाची ते बाईलाच ठाऊक नाही. त्या शेवटच्या किल्लीची चौकशी ती दर वेळी करायची. कशाची असेल, आठवून बघा, जुन्या घराची तर नाही ना? गिऱ्हाईक कंटाळून जाई. चौकशी हा ताईचा स्वभाव नाही, आजार आहे, असं तिची धाकटी बहीण म्हणायची, आणि धाकटी दातांच्या दवाखान्यात स्वागताला बसत असल्यामुळे आजारांबद्दल अधिकाराने बोलायची.

दुकान बापाकडून आलेलं. आत एक माणूस उभं राहील आणि बाहेरून दुसरं डोकावेल, एवढंच. भिंतीवर कोऱ्या किल्ल्या, कोपऱ्यात घासायचं यंत्र, हाताशी कानशी. बापाकडून तिला एक रीतही मिळाली होती. कोणतंही नवीन कुलूप विकायला ठेवण्याआधी ते स्वतःच्या घराच्या दाराला बसवून बघायचं. महिनाभर वापरायचं, आणि कुरकुरलं तर परत पाठवायचं. त्यामुळे तिच्या घराचं कुलूप सारखं बदलायचं. मुलगा लहान असल्यापासून तिने त्यात आपला एक नियम घातला होता: नवी किल्ली आधी पोराच्या हातात, मग कुलूप दारात. शाळेतून आल्यावर पोर कधी उंबऱ्याबाहेर ताटकळलं नाही. या गोष्टीचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवायचीही नाही.

पोर मोठं झालं आणि त्याला नकाशे काढण्याची नोकरी लागली, दूरच्या शहरात. दुकान कोण बघणार, यावरून दोघांची जुंपली. शेवटी ती म्हणाली, "जा. तुझ्यावाचून काही अडत नाही." असं आया म्हणतातच. मुलांनी ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडायचं असतं. तोही हसत गेला, स्टेशनवरून फोनही केला. पण दोन-तीन महिन्यांनी काय बिनसलं कोण जाणे, तो एकदम गार झाला. फोन उचलायचा, पण 'बरा आहे' आणि 'कामात आहे' यापलीकडे गाडी जाईना. सणावारालाही येईना. दीड वर्ष असं चाललं होतं. सगळ्या जगाच्या किल्ल्यांची चौकशी करणाऱ्या बाईला आपल्या पोराचं काय बिनसलं ते कळत नव्हतं, आणि विचारायचा धीर होत नव्हता, कारण उत्तर 'तूच' असं आलं तर काय करायचं?

विचारता येत नाही म्हणून तिने त्याची पुस्तकं वाचायला घेतली. तो मागे ठेवून गेलेली ती मालिका: सहा जाडजूड खंड, नऊ बुरुज, तीन राजघराणी, सुरुवातीला नकाशा आणि शेवटी वंशावळ. पोरगं तासन् तास या विटांमध्ये डोकं घालून काय बघत होतं, एवढंच तिला बघायचं होतं. पहिल्या खंडाला तिने नाकं मुरडली. दुसऱ्यात ती अडकली. तिसऱ्यात तर किल्ली घासता घासता एकाची दुकानाची किल्ली तिने चक्क त्याच्या स्कूटरच्या किल्लीवरून घासून दिली, कारण बुरुजावर वेढा पडला होता.

मग धाकटीने तिला फोनवर वाचकांच्या गटात घातलं. तिथे टोपणनाव लागायचं. ही गिऱ्हाइकं सांभाळत एका वेळी अर्धंच पान वाचते, म्हणून धाकटीने नाव दिलं 'अर्धं पान'. गटात काय वाद चालत! एकडोळ्या सेनापतीचा खरा बाप कोण, बर्फाखालचा पक्षी मेला की झोपलाय, नकाशातली नदी उलटी का वाहते. सातवा खंड अजून यायचा होता, त्यामुळे ज्याला जे सुचेल ते तो ठोकून देई, आणि दुसरा लगेच विचारी, "पुरावा? पान क्रमांक?" पान क्रमांक दिला नाही तर तुमची किंमत शून्य. किल्लीवालीला हे फार आवडलं. इथे सगळेच तिच्यासारखे आजारी होते.

सर्वांत मोठा वाद होता सहाव्या खंडाच्या शेवटावरून. राणीशी भांडून गेलेला राजपुत्र वर्षाने परत येतो. लहानपणापासून ज्या मागच्या दरवाजातून तो ये-जा करी, तिथे आपली किल्ली घालतो. किल्ली फिरत नाही. वर राणीच्या खिडकीत दिवा जळतोय. राजपुत्र तसाच पाठ फिरवून शत्रूच्या छावणीकडे चालू लागतो, आणि पुस्तक संपतं. कुलूप कोणी बदललं? अर्धा गट म्हणे प्रधानाने, अर्धा म्हणे राणीने. राणीच्या विरोधात सर्वांत कडवटपणे भांडणारा एक जण होता, टोपणनाव 'कोरडा समुद्र'. त्याचं म्हणणं एकच: घरचं कुलूप बदललं आणि तुम्हाला किल्ली दिली नाही, याचा अर्थ लहान मुलालाही कळतो.

किल्लीवालीला हे पटेना. कुलूप बदलायला हजार कारणं असतात, तिने लिहिलं. स्प्रिंग जाते, किल्ली हरवते, पाणी शिरतं. आणि तिचा खरा प्रश्न वेगळाच होता, जो ती पुन्हापुन्हा विचारी आणि ज्यावर कोणी लक्ष देत नसे. वर दिवा दिसतोय, आई जागी आहे, मग या गाढवाने दार का वाजवलं नाही?

एका दुपारी कोरड्या समुद्राने त्यावर लांबलचक उत्तर दिलं. तिने ते किल्ली घासायची सोडून वाचलं. त्याने लिहिलं होतं: "तो माफी मागायला आला होता, न कळवता. आत माणूस होतं, भांड्यांचा आवाज येत होता. नवं चकचकीत कुलूप, आणि त्याच्याभोवती जुन्या कुलपाच्या पट्टीची खूण, दाराच्या हिरव्या रंगात तशीच उठून दिसणारी. ते बघितल्यावर दार वाजवत नाहीत. ज्याची किल्ली लागत नाही त्याने वाजवायचं नसतं."

गट त्याच्यावर तुटून पडला. भांडी कुठून आली? हिरवा रंग कुठल्या पानावर? दरवाजा तर लोखंडी आहे, काळा! आणि सांगायला वाईट वाटतं, पण सर्वांत आधी "पान क्रमांक?" असं विचारणारी होती किल्लीवालीच.

पण तिच्या डोक्यात तो हिरवा रंग बसला. न वाचलेलं एखादं अर्धं पान राहिलं की काय, म्हणून तिने सहावा खंड चाळला, मग पाचवा. गिऱ्हाईक उभं ठेवून चौथ्यातला तुरुंगाचा दरवाजा तपासला. हिरवा दरवाजा मिळाला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, पण ते तिला कळायला दुकान बंद करून घरी जावं लागलं.

घरी दाराशी येऊन तिने पिशवी खाली ठेवली, किल्ली काढली, आणि हात तसाच राहिला. कुलपाभोवती गडद हिरवी चौकट होती. जुन्या कुलपाची पट्टी मोठी, तिच्याखाली ऊन लागलं नव्हतं, म्हणून तेवढाच रंग विटायचा राहिलेला. रोज दोनदा ती या चौकटीसमोर उभी राहत होती. मुलगा गेल्यावर काही आठवड्यांनी हे कुलूप तिने तपासायला म्हणून लावलं होतं, चांगलं निघालं म्हणून तेच राहिलं.

आणि त्याची किल्ली? ती तर तिने त्याच दिवशी घासली होती. नियम म्हणजे नियम. लाल दोरा बांधून त्याच्या खुंटीला अडकवून ठेवली होती, आला की मिळावी म्हणून. तिने दार उघडलं. खुंटी समोरच होती, दाराच्या आतल्या बाजूला, आणि किल्ली तिथेच लटकत होती.

जन्मभर कुलपं उघडून देणाऱ्या बाईने पोराची किल्ली बंद दाराच्या आत ठेवली होती. ती तिथेच, चपला न काढता, स्टुलावर बसली आणि रडली. तो आला होता. माफी मागायला आला होता. ती आत भांडी घासत होती, आणि तो हातभर अंतरावरून परत गेला होता.

धाकटीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, आत्ताच्या आत्ता फोन कर." किल्लीवाली म्हणाली, फोनवर तो कामात असतो. बोलतो तो गटातच, तेव्हा तिथेच सांगावं. पण आधी तिने दुकानाच्या खणातून जुनं कुलूप काढलं, तेल घातलं आणि दाराला बसवलं. पट्टी त्या गडद चौकटीवर नेमकी बसली. मग तिने लिहिलं:

"राणीचा बाप कुलपं करायचा. नवं कुलूप आधी आपल्या दाराला लावून बघायची त्याची रीत होती, ती राणीने चालवली. मुलाची किल्ली तिने त्याच दिवशी घासली आणि त्याच्या खुंटीला अडकवली. खुंटी दाराच्या आत आहे, हे त्या शहाण्या बाईच्या लक्षात आलं नाही. तुझ्यावाचून अडत नाही म्हणाली, तेही खोटं होतं. जुनं कुलूप आता पुन्हा बसवलंय. किल्ली लागते."

गटाने तिला धुऊन काढलं. एकाने लिहिलं, इतका पोरकट तर्क सहा खंडांत कोणी केला नव्हता. राणीचा बाप घोडे विकायचा, हे दुसऱ्या खंडात स्पष्ट आहे. सगळ्यांनी पान क्रमांक मागितला. कोरड्या समुद्राने मात्र एक अक्षर लिहिलं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. किल्लीवाली रोज फोन उघडून बघायची, आणि गिऱ्हाइकांना त्या बिननावाच्या किल्लीबद्दल विचारायचंही तिने सोडलं. धाकटीला याचीच जास्त काळजी वाटली.

सुटीच्या दिवशी दुपारी ती खुर्चीत सहावा खंड पुन्हा वाचत बसली होती. बाहेर पावलं वाजली आणि थांबली. मग कुलपात किल्ली शिरल्याचा आवाज आला. त्या जुन्या किल्लीची एक खाच तिने घाईत जरा खोल घासली होती. घालून किंचित वर उचलल्याशिवाय ती फिरायची नाही, आणि हे घरातल्या दोघांनाच माहीत होतं. उठून दार उघडावं असं तिला फार वाटलं, पण तिने खुर्चीचे हात घट्ट धरले. उघडायचं त्यानेच होतं. बाहेरच्या हाताने किल्ली किंचित वर उचलली, आणि ती फिरली.

तो आत आला, वाळलेला, दाढी वाढलेली. आईकडे बघायच्या आधी त्याने खुंटीकडे बघितलं. लाल दोऱ्यावर थोडी धूळ बसली होती.

"पान क्रमांक मागत होते ना सगळे," ती म्हणाली. "हा पुरावा."

त्याने किल्ली काढली, सदऱ्याला पुसली आणि खिशातल्या जुडग्यात ओवू लागला. कडी घट्ट होती, नखाने उघडेना.

"अरे, ती आता कुठेच लागत नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि त्याने जुडगा तिच्यापुढे धरला. तिने कडी उघडून किल्ली आत सरकवून दिली.