हात वर करा

"हीलियम मिसळलेली हवा घेऊन खोल समुद्रात उतरलेलं इथं कोणी आहे का? हात वर करा," सत्कारमूर्तींनी व्यासपीठावरून विचारलं.

शेजारी माझा मेहुणा सदा बसला होता. समुद्रातल्या तेलविहिरींवर पाणबुड्याचं काम करताना त्यानं उमेदीची सगळी वर्षं तीच हवा घेतली. किती सावकाश वर यायचं याचे हिशेब तेव्हा कच्चे होते, म्हणून रक्तात वायूचे बुडबुडे होऊन त्याच्या दोन्ही खांद्यांची हाडं आतून मेली. त्याचा हात छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला.

"कोणीच नाही? म्हणजे मी एकटाच!" पाहुणे म्हणाले. सभागृह हसलं.

मी उठू लागलो. सदानं मला कोपरानं अडवलं. "बसा हो भावोजी. त्यांचा एकटेपणा कशाला मोडता?"

वर येण्याच्या ज्या नव्या कोष्टकासाठी हा सत्कार होता, त्याची आकडेमोड पाहुण्यांची आहे, हे मी नाकारत नाही. पण जुने आकडे चुकले होते, हे त्यांना कळलं कशावरून? असल्या खांद्यांवरूनच. वर येताना आजचा पाणबुड्या जी जास्तीची मिनिटं थांबतो, ती कुणाच्या तरी हाडांनी शिकवलेली आहेत. तरी नाव एकाचंच लागतं, आणि तो ते खुशाल लावून घेतो.

टाळ्या झाल्या. सदानंही मांडीवर हात ठेवून वाजवल्या. माझे हात धडधाकट होते. मी ते खिशात घातले.