समईच्या उजेडातला कॅमेरा

एक होतं रायपूर, नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालेलं. त्यात बूढापारा, आणि बूढापाऱ्यात आमचं तीन माणसांचं घर: लग्नाची व्हिडिओ शूटिंग करणारा माझा पोरगा प्रभाकर, त्याची बायको सुनंदा आणि मी. लग्नघरी कॅमेरा घेऊन जाणाऱ्याच्या घरात किस्से असे साचतात, की एक सांगायला घ्यावा तर दुसरा आधीच पदर ओढतो.

प्रभाकरची अडचण एकच. आपल्या लोकांत बोहल्यावर चढायच्या आधी नवरी देवघरात बसून गौरीहार पुजते. उजेड फक्त समईचा. जुना कॅमेरा तिथे आंधळा व्हायचा. दोन घरांनी कॅसेटी परत पाठवल्या. या लगीनसराईत अंधारात पाहणारा कॅमेरा सापडला नाही, तर दुकान बंद करून शहराबाहेर उरला गावच्या कारखान्यात कामाला लागायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

*

आधी त्यानं हॅलोजन लावून पाहिला. खोलीत भर दुपार झाली. नवरी घामानं भिजली, डोळे मिटून बसली. कॅसेटमध्ये पांढरी भिंत, आणि भिंतीवर पांढरा चेहरा.

तिच्या मामानं शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "भैया, आम्ही तुले लग्नाचं सांगितलं होतं. हे मयताचं वाटून राहिलं."

*

मग पंडरी बाजारातल्या एका दुकानदारानं एकेक नवा कॅमेरा चार-चार दिवस वापरून पाहायला दिला. पण तपासायचा कसा? पोरानं मले काळी शाल पांघरवली, समईपुढे बसवलं, खिडकीवर गोधडी टाकली.

पहिल्या कॅमेऱ्यानं काढलेलं टीव्हीवर लावलं. पडदाभर मुंग्या वळवळून राहिल्या. मुंग्यांत समई होती, देव होते. मी नव्हती.

प्रभाकर सांगत होता, उजेड कमी पडला की कॅमेरा चित्र ओढूनताणून वाढवतो, त्याचे हे दाणे. सुनंदाचं तिकडे लक्षच नव्हतं. हळूच म्हणाली, "आई, माझा हात धरा जरा."

*

दुसरा कॅमेरा एकदम लख्ख. दिवेलागणीची खोली त्यात सकाळसारखी दिसे. प्रभाकर खूश. तोच घेऊन गोरज मुहूर्ताच्या लग्नाला गेला.

कॅसेट लावली. नवरी देवघरातून निघाली, आणि तिच्या मागे हातभर अंतरावर दुसरी नवरी निघाली. धुरकट. पहिली थांबली, की दुसरी येऊन तिच्यात शिरायची.

सासूनं सुनेवरून तीनदा मीठमोहऱ्या उतरवल्या. प्रभाकरनं समजावलं, की उजेड गोळा करायला यात शटर सावकाश चालतं, म्हणून हललेलं माणूस मागे ओढल्यासारखं दिसतं.

सासूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "समजलं बाबू. पण घरी कोणती आणली आम्ही?"

*

तिसऱ्याची काच मोठी होती. दुकानदार म्हणाला, "माताजी, ये रोशनी पीता है." पुन्हा मी समईपुढे. यात कोपऱ्यातला अंधार अंधारासारखाच राहिला, आणि माझ्या तोंडावरची एकेक सुरकुती दिसली.

मी म्हटलं, "हा नको. हा फार खरं पाहते."

पोरानं ऐकलं नाही.

*

हा कॅमेरा परत करायच्या आदल्या दिवशी आमच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एक लग्न होतं. त्या घरची रीत अशी, की गौरीहाराच्या खोलीत पुरुषानं थांबायचं नाही. प्रभाकरनं तिपाईवर कॅमेरा लावला, चालू केला, दार ओढून बाहेर उभा राहिला. आत नवरी एकटी.

दुसऱ्या दिवशी तिची आई आमच्याकडे कॅसेट पाहायला आली. अक्षतेचा दाणा न् दाणा दिसत होता. मुंग्या नाहीत, मागे ओढलेली सावली नाही. प्रभाकरनं पहिल्यांदा श्वास सोडला.

मध्येच पोरगी पाटावर एका कडेला सरकली. कोणी बसायला आलं की आपण जागा करतो, तशी. मग आपल्या शेल्याचं टोक उलगडून तिनं शेजारच्या रिकाम्या जागेवर पांघरलं.

शेला पाटापर्यंत खाली गेला नाही. कोणाच्या खांद्यावर असावा, तसा वरच राहिला.

सुनंदानं टीव्हीचा आवाज बंद केला. आवाज तसाही नव्हता. पोरीला सासरी फोन लावला, तर ती म्हणाली, मी जागची हललीच नाही.

प्रभाकरनं रिमोट उचलला. तेवढा भाग काढून टाकतो, म्हणाला.

नवरीच्या आईनं त्याचा हात धरला. "काहून काढता? तेवढंच तर पाहायचं आहे मले."

तिसरा कॅमेरा पंडरीला परत गेला नाही, आणि प्रभाकर उरलाला गेला नाही. त्या लगीनसराईत आमच्याकडे दुर्ग-भिलाईहूनही बोलावणी आली. प्रत्येक घराचं सांगणं एकच: कॅमेरा आत लावा, दार ओढून घ्या, आणि तुम्ही बाहेर थांबा.